न्हाणीतला दिवा

सांगलीच्या विश्रामबागेत एका घरात निवृत्त वायरमन मामा, त्यांची म्हातारी आई आणि इंजिनिअरिंग शिकायला आलेला भाचा असे तिघं राहत. भाच्यानं रास्पबेरी पाय 4 या छोट्या संगणकावर होम असिस्टंट हे घर सांभाळणारं सॉफ्टवेअर चढवून निम्मं घर त्याच्या ताब्यात दिलं होतं. टाकी भरली की मोटर बंद व्हायची, इन्व्हर्टरची बॅटरी उतरली की मोबाइलवर निरोप यायचा. आजी रात्री उठली की न्हाणीतला दिवा आपोआप लागायचा. सेन्सर आला म्हणून भाच्यानं तिथलं जुनं बटण काढून कोरी प्लेट ठोकली होती.

हा सगळा कारभार एका 32 जीबीच्या एसडी कार्डावर. पावसाळ्यात एका रात्री लाइट सारखी ये-जा करत होती, आणि सर्व्हर जो बसला तो उठलाच नाही. मामा जागे झाले तेव्हा आजी अंधारात न्हाणीच्या दाराशी उभी होती आणि त्या कोऱ्या प्लेटवरून हात फिरवत बटण शोधत होती.

सकाळी मामांनी टेस्टर आणि पेचकस काढला आणि चहाच्या आधी बटण परत बसवलं. "सेन्सर राहू दे," ते म्हणाले, "पण तुझा सर्व्हर असो-नसो, आईनं बटण दाबलं की दिवा लागला पाहिजे."

भाचा तोवर मोबाइलवर 1 टीबीची एनव्हीएमई ड्राइव्ह बघत होता.

"एवढी कशाला रे?"

"फार वेगवान आहे मामा. सेकंदाला साडेतीन हजार मेगाबाइट."

"आणि तुझा सर्व्हर दिवसाला किती लिहितो?"

भाच्याला सांगता येईना. तो शोधायला बसला. होम असिस्टंट प्रत्येक सेन्सरची नोंद एसक्यूलाइट डेटाबेसमध्ये ठेवतं, मुळातल्या सेटिंगप्रमाणे दर 5 सेकंदांनी ती ड्राइव्हवर उतरवतं आणि 10 दिवस जपतं. त्याच्या डेटाबेसमध्ये गर्दी होती ती इन्व्हर्टरच्या व्होल्टेजची. सेकंदाला एक म्हणजे दिवसाला 86,400 नोंदी, आणि त्या कुणी कधी उघडूनही बघितल्या नव्हत्या.

"फ्लॅशवर एक अक्षर बदलायचं तरी आख्खी पाटी पुसावी लागते मामा, आणि पुसण्याला मर्यादा असते. त्यात मध्येच लाइट गेली की लिखाण अर्धवट राहतं."

"मग त्या कार्डाचा काय दोष? आधी लिहिणं कमी कर."

भाच्यानं व्होल्टेजची नोंद होम असिस्टंटच्या रेकॉर्डरमधून वगळली आणि 5 सेकंदांचे 30 केले. त्यानंतर ड्राइव्हचा विचार. डॅशकॅमसाठी मिळणारं जास्त टिकाऊ कार्डही चाललं असतं, पण रोज लिहिणाऱ्या सर्व्हरला एसएसडीच बरी, हे माझंही मत आहे. एनव्हीएमईला पाय 5 वर पीसीआयईचा रस्ता तरी आहे. पाय 4 वर ती यूएसबीतूनच जोडावी लागते आणि पैसे मोजलेला वेग तिथंच अडतो. भाच्यानं 240 जीबीची साधी साटा एसएसडी घेतली. किंगस्टनच्या ए400 मालिकेत या आकाराला 80 टीबी लेखनाचा आकडा दिलेला आहे. रोज 10 जीबी लिहिलं तरी त्याला 8000 दिवस, म्हणजे एकवीस वर्षांहून जास्त लागतील. विकत घेताना बघायचा आकडा हा. मामांनी विजेचा हिशेब विचारला. पाय 4 चे चारही यूएसबी पोर्ट मिळून 1.2 अँपिअरच देतात, त्यामुळे लॅपटॉपमधून काढलेली फिरती हार्डडिस्क जोडायचा बेत बारगळला. यूएसबी 3 चा गोंगाट सेन्सर ज्यावर बोलतात त्या झिगबीच्या 2.4 गिगाहर्ट्झमध्ये घुसतो, म्हणून झिगबीचा डोंगल लांब वायरीवर गेला.

खरं दुखणं वेगळंच निघालं. बॅकअप रोज होत होता, पण त्याच कार्डावर. कार्डाबरोबर तोही गेला, आणि टाकीपासून दिव्यापर्यंत एकेक नियम भाच्याला नव्यानं लिहावा लागला. आता बॅकअप रात्री जुन्या लॅपटॉपवर जाऊ लागला.

तेवढ्यानं मामांचं समाधान झालं नाही. रविवारी त्यांनी एसएसडीची वायर स्वतः उपटली. "ही मेली असं समज. आता घर उभं करून दाखव."

भाचा चिडला, पण बसला. कोऱ्या कार्डावर होम असिस्टंट चढवलं, लॅपटॉपवरचा बॅकअप त्यावर ओतला. दुपारच्या जेवणापर्यंत मोटर, इन्व्हर्टर आणि न्हाणीतला दिवा पुन्हा जागेवर आले. आजीला यातलं काही कळलंही नाही. तिनं मधल्या वेळात बटण वापरलं होतं.

तुमच्याही घरी असा सर्व्हर असेल, तर नवी ड्राइव्ह मागवायच्या आधी तुमचा बॅकअप कुठं साठतोय ते बघा. मग येत्या सुट्टीच्या दिवशी चालती ड्राइव्ह काढून ठेवा आणि त्या बॅकअपवरून घर एकदा उभं करून बघा.