फुगा तोच, घटका वेगळी

हार्ट अटॅकमध्ये अँजिओप्लास्टीचा खरंच उपयोग होतो का, असं कुणी विचारलं की माझा उलट प्रश्न असतो: किती वाजता केलेली?

धमनीच्या भिंतीतला चरबीचा थर फाटतो, त्यावर रक्ताची गुठळी बसते आणि वाट बंद होते. पलीकडचा स्नायू मात्र एका क्षणात मरत नाही. रायमर आणि जेनिंग्ज या संशोधकांनी १९७७ साली कुत्र्यांच्या हृदयावर हे दाखवलं. मरण आतल्या थरापासून सुरू होतं आणि बाहेरच्या थराकडे सरकतं. धमनी चाळीस मिनिटांत सोडली तर बराच स्नायू वाचला; सहा तासांनी सोडली तेव्हा वाचवण्यासारखं फार थोडं उरलं होतं. डॉ. ग्रुंट्झिग यांनी झुरिकमध्ये हृदयाच्या धमनीत पहिला फुगा फुगवला, म्हणजे पहिली अँजिओप्लास्टी केली, तेही त्याच वर्षी.

आता हे दोन निकाल शेजारी ठेवून पाहा. २००३ साली तेवीस चाचण्यांतल्या ७,७३९ रुग्णांचा हिशेब एकत्र मांडला गेला. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन दिलेल्या शंभरांपैकी नऊ दगावले, तातडीने अँजिओप्लास्टी केलेल्यांपैकी सात. दुसरा झटका सातांवरून तीनांवर आला. पुढे २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, झटक्यानंतर तीन ते अठ्ठावीस दिवसांनी, प्रकृती स्थिर असलेल्या रुग्णांची बंद धमनी उघडून पाहिली. ना मृत्यू घटले, ना पुढचे झटके. फुगा तोच, धमनी तीच.

म्हणून मला इस्पितळाच्या दारापेक्षा घरातल्या दिवाणाची जास्त काळजी वाटते. अमेरिकेत २००५ ते २००९ या काळात दारापासून फुग्यापर्यंतचा वेळ ८३ मिनिटांवरून ६७ वर आणला, तरी इस्पितळातले मृत्यू जवळपास तेवढेच राहिले. आपल्याकडे पन्नास शहरांतल्या रुग्णांची जी मोठी नोंद २००८ मध्ये प्रसिद्ध झाली, तीत त्रास सुरू झाल्यापासून इस्पितळ गाठेपर्यंतचा मध्यक वेळ सहा तास होता. सहा तास! इंदूरच्या घरात ते कसे जातात हे आपण जाणतोच. सराफ्याच्या खाऊगल्लीत खाऊन आलं, छाती भरून आली, घाम फुटला. ‘गॅस धरला असेल, ओवा-काळं मीठ चावा, सकाळी बघू.’ बाईचा जबडा किंवा पाठ दुखत असेल, मधुमेही माणसाला नुसता दम लागत असेल, तर तेवढीही चर्चा होत नाही.

इंदूरमध्ये कॅथलॅब, म्हणजे अँजिओप्लास्टी जिथे होते त्या खोल्या, आहेत. झाबुआ, बडवानीहून मात्र त्या कित्येक तास लांब. तिथल्या रुग्णाला फुग्याची वाट पाहायला लावणं मला चुकीचं वाटतं. २०१३ च्या एका चाचणीत, त्रास सुरू होऊन तीन तास व्हायच्या आत आलेल्या, पण तासाभरात अँजिओप्लास्टी होणं शक्य नसलेल्या रुग्णांना आधी इंजेक्शन दिलं आणि नंतर अँजिओग्राफीसाठी नेलं. निकाल थेट अँजिओप्लास्टीच्या तोडीचा आला. मेंदूतला रक्तस्राव मात्र थोडा जास्त, म्हणून वयस्कांना डोस निम्मा केला. जवळच्या इस्पितळात ईसीजी, रुग्णाला चालत असेल तर तिथेच इंजेक्शन, आणि लगेच इंदूरची गाडी: झाबुआच्या माणसाचा स्नायू या क्रमानेच वाचतो.