मिठी नदी आणि तळमजल्याचे प्रवासी

ह. नोमान बिन बशीर (रजि.) यांनी कथन केलेली सहीह बुखारीतील जहाजाची हदीस आपण अनेकदा ऐकली असेल. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी समाजाला एका जहाजाची उपमा दिली. चिठ्ठ्या टाकून काहींना वरचा मजला मिळाला, काहींना खालचा. खालच्यांना पाण्यासाठी वर जावे लागे व वरच्यांना त्याचा त्रास होई. तेव्हा खालच्यांनी विचार केला की आपल्याच हिश्श्यात छिद्र पाडून पाणी घ्यावे. प्रेषितांनी (स.) बजावले की त्यांना तसे करू दिले तर सर्व बुडतील आणि त्यांचा हात धरला तर सर्व वाचतील.

आपले जहाज म्हणजे मिठी नदी. विहार व पवई तलावांच्या सांडव्यातून निघून आरे, मरोळ, साकीनाका, कुर्ला, कलिना असा सुमारे 18 किलोमीटरचा प्रवास करून ती माहीमच्या खाडीला मिळते. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझ येथे 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा पाण्याने कुणाचा धर्म विचारला नाही. कुर्ल्याच्या क्रांतीनगरातील कुटुंबांना तर आजही मोठ्या पावसात घर सोडावे लागते.

वरच्या मजल्यावरील लोकांनी या नदीचे काय केले, ते उघड आहे. विमानतळाच्या धावपट्टीसाठी तिचा प्रवाह वळवला गेला. मुखाजवळची पाणथळ जमीन भरून वांद्रे-कुर्ला संकुल उभे राहिले. गाळ काढण्याच्या कामातील सुमारे 65 कोटी रुपयांच्या कथित गैरव्यवहाराबद्दल 2025 मध्ये पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने गुन्हा नोंदवला. हा सार्वजनिक अमानतीचा प्रश्न आहे आणि त्याविषयी जाब विचारणे हे राजकारण म्हणून झटकून टाकता येणार नाही.

परंतु आता तळमजल्याकडे या. नदीकाठी तेलाचे व रसायनांचे रिकामे ड्रम धुऊन विकले जातात, भंगार वितळवले जाते, आणि उरलेले सारे नाल्यात जाते. या धंद्यांत आपले बांधव मोठ्या संख्येने आहेत, हे आपण जाणतो. विचारले की उत्तर ठरलेले असते: मोठ्यांनी नदीच गिळली, आमच्या चार ड्रमांनी काय बिघडते?

या युक्तिवादाचे उत्तर प्रेषितांनी (स.) अगोदरच देऊन ठेवले आहे. स्वतः अपाय करू नये आणि अपायाच्या बदल्यातही अपाय करू नये, या हदीसवर फिकहचा एक पायाभूत नियम उभा आहे. दुसऱ्याचा जुलूम माझ्या हातातील छिन्नीला परवाना ठरत नाही. शिवाय ड्रमातील ते पाणी संकुलातील काचेच्या इमारतीत शिरत नाही. पुढच्याच वस्तीतील मुलाच्या पायाला लागते. ज्या कमाईची किंमत शेजारी आपल्या आरोग्याने चुकवतो, तिला हलाल रोजी म्हणताना जीभ अडखळली पाहिजे. लोक ये-जा करतात त्या वाटेवर, सावलीत व पाणवठ्यावर घाण करणे शाप ओढवून घेणारे आहे, असे हदीसमध्ये स्पष्ट आले आहे.

मात्र एक बाब नजरेआड होऊ नये. हदीसमधील खालच्या प्रवाशांची पाण्याची गरज खोटी नव्हती. ज्या गल्लीत मलवाहिनी नाही, पुरेसे शौचालय नाही, कचऱ्याची गाडी पोहोचत नाही, तेथे नुसते प्रवचन देऊन हात झटकणे अन्याय आहे. म्हणून हात धरण्याचे काम दुहेरी आहे. कारखानदार बांधवाला एकांतात, नरमाईने समजवावे; सांडपाणी शुद्ध करण्याचा खर्च एकट्याला झेपत नसेल तर अनेकांनी मिळून तो उचलावा. आणि महानगरपालिकेच्या विभाग कार्यालयात मलवाहिनीसाठी अर्ज घेऊन जावे, शेजारच्या हिंदू, बौद्ध, ख्रिस्ती बांधवांसह. ते याच जहाजात आहेत.

मशिदीच्या विश्वस्तांनाही एक विनंती. प्रेषित (स.) एक मुद्द, म्हणजे लिटरभरापेक्षाही कमी पाण्यात वुजू करीत. आपल्या वुजूखान्यातील नळ किती वाहतात, ते एखाद्या जुम्याला उभे राहून पाहावे. पावसाळ्यापूर्वीच्या खुतब्यात नदीचा विषय घ्यावा, आणि नमाजनंतर ज्यांचे कारखाने काठावर आहेत त्यांना चहासाठी थांबवावे.