तळघरातली कर्दळ

जरा बसा.

हात मांडीवर राहू द्या. श्वास चालला आहे तसाच चालू द्या. त्याला वळण लावू नका.

आता एक फूल आठवा. कर्दळीचं. पिवळं.

मागीलदारी, न्हाणीचं पाणी जिथे जातं तिथे लावलेली असते ती. येताजाता दिसते आणि मुद्दाम कुणी बघत नाही. रुंद पान. पानावर थेंब. वर एक सैलसर, थोडं चुरगळल्यासारखं फूल.

आज मुद्दाम बघा.

घाई नाही.

या फुलाला थायलंडात बुद्धरक्षा म्हणतात. त्यांच्या तोंडी ते 'फुत्थरक्सा' होतं. 5 डिसेंबरला तिथली मुलं हे फूल वडिलांच्या हातात देतात. तो दिवस वडिलांचा, कारण तो एका राजाचा वाढदिवस.

राजाचं नाव भूमिबल अतुल्यतेज. तिथे ते 'फूमिफोन अदुन्यदेत' असं ऐकू येतं.

मनातल्या मनात सावकाश म्हणा. भूमी. बल.

दोन्ही शब्द तुमच्या ओळखीचे आहेत. क्षणभर त्यांच्याजवळ थांबा.

आता ते पिवळं फूल मनात धरून थंडीत चला.

अमेरिका. बोस्टनच्या शेजारचं केंब्रिज. 5 डिसेंबरची सकाळ. नाकातून आत जाणारा श्वास गार लागतो, बाहेर येणारा डोळ्यांना दिसतो.

हार्वर्डजवळ एक लहानसा चौक आहे. रस्ते एकमेकांना मिळतात, एवढाच. चौकाला या राजाचं नाव आहे. तिथे एक दगड आहे, दगडावर पाटी.

थाई माणसं इथे येतात. जाड काळे कोट, कानटोप्या. कोटाच्या आत, गळ्याशी, पिवळ्या रंगाची एक कड.

त्या कडेकडे बघा. फक्त तेवढ्याकडे.

पिवळाच का? राजा सोमवारी जन्मला म्हणून. थाई भाषेत सोमवार म्हणजे 'वान चान', आणि चान म्हणजे चंद्र. तिथे प्रत्येक वाराला एक रंग आहे. आपला सोमवार शंकराचा, पांढरा. त्यांचा पिवळा. उगवतीला, झाडांच्या शेंड्यांशी असतानाचा चंद्र तुम्ही पाहिला असेल, तर हा रंग तुम्हाला माहीत आहे.

श्वास घ्या. सोडा.

या चौकातून चालत जाता येईल इतक्या अंतरावर माउंट ऑबर्न रुग्णालय आहे. 5 डिसेंबर 1927 ला तिथे एक बाळ जन्मतं. वडील सयामचे, म्हणजे आजच्या थायलंडचे, राजपुत्र महिडोल, हार्वर्डमध्ये वैद्यक शिकणारे. आई परिचारिकेचं शिक्षण घेतलेली.

बाळाला अजून नाव नाही. नाव तिकडून, बँकॉकहून, राजेकाकांकडून यायचं आहे. तारेने. तोवर जन्माच्या दाखल्यावर 'बेबी सोंगक्ला' एवढंच लिहिलं जातं, वडिलांच्या पदवीवरून.

इथे थोडे रेंगाळा.

खिडकीबाहेर थंडी. पाळण्यात एक बाळ. त्याचं नाव अजून वाटेत आहे.

कुठे तरी दूर, आपल्याला न दिसणाऱ्या गावी, कुणी तरी आपलं नाव ठरवत आहे. हे कसं वाटतं, ते फक्त ऐका. उत्तर नको.

पुढचं पटकन सांगतो. बाळ चार वर्षांचं असताना, जून 1932 मध्ये, सयामची राजसत्ता घटनेच्या चौकटीत येते. मुलाचं बरंचसं बालपण स्वित्झर्लंडमध्ये जातं. 1946 मध्ये थोरला भाऊ, राजा आनंद, बंदुकीच्या गोळीने मरण पावतो आणि अठराव्या वर्षी भूमिबल राजे होतात. मग सत्तर वर्षं. 13 ऑक्टोबर 2016 ला ते जातात.

माणूस गेला. वाढदिवस राहिला.

आताचे राजे त्यांचे चिरंजीव. त्यांचा वाढदिवस 28 जुलैला असतो. तेही सोमवारीच जन्मलेले. रंग बदलावा लागला नाही.

थाई जेवणाच्या हॉटेलात कधी गेला असाल, तर एकदा मान वर करून भिंत बघा. गल्ल्याच्या वर, उंचावर, पुष्कळदा एक तसबीर असते. भूमिबल राजांचं एक छायाचित्र थायलंडात घराघरांत ओळखीचं आहे. त्यात नाकाच्या शेंड्यावर घामाचा एक थेंब आहे.

राजाच्या चित्रात मुकुट शोधायची सवय असते आपल्याला. इथे थेंब आहे.

त्या थेंबापाशी थांबा.

तो पडत नाही. इतकी वर्षं तिथेच लोंबतो आहे.

श्वास घ्या. सोडा.

आता एक कठीण गोष्ट येते आहे. तिला हाकलू नका. थायलंडात राजाची निंदा हा गुन्हा आहे. दंडसंहितेचं 112 वं कलम, 3 ते 15 वर्षांची कैद. तिथल्या शांततेत माया किती आणि भीती किती, हे बाहेरून कळत नाही. मला तरी कळत नाही. आणि ज्यांनी ती कैद भोगली, त्यांच्यासाठी हा पिवळा रंग काय असेल, तेही मला ठरवता येत नाही.

तेही इथे, तुमच्या शेजारी, बसू द्या.

पुन्हा गळ्याशी असलेली ती पिवळी कड. पुन्हा तो दगड.

थोडं खाली उतरूया. मातीत.

5 डिसेंबर हा 2014 पासून संयुक्त राष्ट्रांचा जागतिक मृदा दिनही आहे. तारीख या राजांच्या वाढदिवसाची, त्यांनी मातीसाठी केलेल्या कामामुळे. डोंगरउतारावरची माती वाहून जाऊ नये म्हणून त्यांनी शेतकऱ्यांना वाळा लावायला सांगितला. तोच वाळा, जो उन्हाळ्यात तुमच्या माठात असतो. त्याची मुळं आडवी पसरत नाहीत. सरळ खाली जातात, खोल, आणि माती धरून ठेवतात.

वाळ्याच्या पाण्याचा वास आठवतो का?

एक घोट. गार.

तो वास जिभेवर असू द्या, आणि कर्दळीकडे परत या.

कर्दळ मूळची अमेरिका खंडातली, तिथल्या उष्ण भागातली. आपल्या मागीलदारी ती समुद्रापलीकडून आली, आणि थाई मुलांच्या हातातही. पण केंब्रिजच्या हिवाळ्यात उघड्यावर ती जगत नाही. पहिलं कडक दंव पडलं की पानं काळी पडतात.

म्हणून 5 डिसेंबरला त्या दगडापाशी बागेतली कर्दळ कुणी आणू शकत नाही. फुलवाल्याकडे जे पिवळं मिळेल ते.

मग कर्दळ कुठे असते?

तिकडे ज्यांनी अंगणात कर्दळ लावलेली असते, ते दंव पडल्यावर तिचे कंद खणून काढतात. माती झटकतात. खोक्यात भुसा पसरतात, त्यावर कंद ठेवतात, वर पुन्हा भुसा. खोकं तळघरात जातं.

चला, तळघराच्या पायऱ्या उतरा. सावकाश. भिंतीला हात लावत.

अंधार आहे. गार आहे, पण गोठवणारं नाही. कोपऱ्यात खोकं.

झाकण उघडू नका. नुसते जवळ बसा.

आत कंद आहे. त्याला पान नाही, फूल नाही, पिवळा रंग नाही. पाणी नाही. ऊन नाही. वर रस्त्यावरून कुणी चालत जातं, ते इथे पुसटसं ऐकू येतं.

कंद काही करत नाही.

तुम्हीही काही करू नका.

तुमच्या आत असं काही ठेवलेलं आहे का? दुसऱ्या गावाहून खणून आणलेलं, भुशात गुंडाळलेलं? एखादं नाव. एखादी तारीख. भिंतीवरची एखादी तसबीर, जिच्यासमोरून जाताना पाय आपोआप हळू होतात. ते तिथेच असू द्या.

श्वास घ्या.

सोडा.

वर, बाहेर, दिवस मावळायला आला आहे. डिसेंबरात बोस्टनकडे सूर्य सव्वाचारच्या आसपास जातो. थाई माणसं कोटाची बटणं लावतात आणि घरी निघतात. पिवळी कड आत जाते.

कंद मे महिन्यात, दंव पडायचं थांबलं की, परत मातीत लावतात.