एवढं एकच!

अंतरपाट धरलेला असतो आणि नेमकं त्याच वेळी मुलीच्या आत्याबाईंच्या लक्षात येतं की रुखवतातली एक वाटी कमी आहे. "एवढं एकच बघा हो!" मग अर्धं वऱ्हाड वाटी शोधतं आणि मुहूर्त टळतो.

आमच्या बँकेत संगणकप्रणालीची नवी आवृत्ती यायची होती, तेव्हा अशा आत्याबाई शाखेशाखेतून निघाल्या. मी बी.कॉम., शिवाय माझं टेबल चहाच्या जवळ, म्हणून मला चाचणी समितीवर घेतलं. कुणाला बटण हिरवं हवं, कुणाला तारीख उजवीकडे. एवढं एकच!

माझा भाचा संगणकवाला. तो म्हणाला, "मामा, गोठवून टाका सगळं." डेबियन म्हणून एक फुकट मिळणारी प्रणाली आहे, जगभरचे हौशी लोक मिळून ती करतात. तिची बारावी आवृत्ती त्यांनी १२ जानेवारी २०२३ पासून टप्प्याटप्प्याने गोठवत नेली. २४ मेपासून तर टाचणीएवढा बदल करायचा तरी जुन्या-नव्यातला फरक ओळीओळीने दाखवून परवानगी मागायची. १० जूनला आवृत्ती बाहेर पडली. (आमच्याकडे रजेच्या अर्जालासुद्धा इतकं कुणी वाचत नाही.)

एवढी भीती कशाला? तर त्याच डेबियनमध्ये २००६ साली एका भल्या माणसाने, तपासणीचं एक यंत्र कुरकुर करतं म्हणून, दोन ओळी बंद केल्या. हेतू शुद्ध. मे २००८ मध्ये कळलं की त्या दोन ओळींपायी गुप्त किल्ल्या सहज ओळखता येण्याजोग्या होत होत्या. म्हणजे दोन वर्षं कुलपं होती, पण किल्ल्या पायपुसण्याखाली!

मला पटलं. हिरवं बटण मी आनंदाने उडवलं.

शेवटचा अर्ज मात्र मीच दिलेला होता. आमच्या भाजीवाल्या मावशी पन्नाशीला सही करायला शिकल्या. सहीची नोंद झाली, पण पासबुकावरचा 'निरक्षर' हा शब्द काही जाईना. तो काढायची सोयच प्रणालीत नव्हती. बदल एका ओळीचा. पण ती ओळ खातेदाराच्या नोंदीतली, आणि तिथे काही बिघडलं तर एक तारखेला हजारो पेन्शनरांचं काय? उलट नाही केलं, तर एका बाईने आणखी सहा महिने खोटा शब्द बाळगायचा. डेबिट-क्रेडिट मला जुळवता येतं, पण अपमान कुठल्या बाजूला लिहायचा, हे कॉलेजात शिकवलं नव्हतं.

मी माझ्याच अर्जाविरुद्ध हात वर केला. आवृत्ती सुखरूप आली, पेन्शन वेळेवर जमा झालं, साहेबांनी पेढे वाटले.

मावशी आल्या तेव्हा मी त्या शब्दावर पांढऱ्या कागदाची चिठ्ठी नीट चिकटवून दिली. त्यांनी तिच्यावरून अंगठा फिरवला.

"खाली काय आहे ते ठाऊक आहे मला, साहेब," त्या म्हणाल्या. "आता वाचता येतं ना."