ठपका कोणी ठेवला?

बेज्जूरला आमच्या घरी मराठी पेपर येत नाही. त्यामुळे दुपारची भांडी आवरली की मी मोबाइलवर प्राणहितेपलीकडच्या बातम्या वाचते, आणि सवयीनं मोठ्यानं वाचते.

2021च्या जानेवारीतली गोष्ट. 9 तारखेच्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला आग लागली. आत 17 बाळं होती. 7 वाचली, 10 गेली. चौकशी झाली आणि कारवाई जाहीर झाली. त्या बातमीत परिचारिकांच्या पुढे ‘ठपका’ हा शब्द होता. मी वाचलं आणि बोलून गेले, “झोपल्या असतील मेल्या!”

शेजारची मुलगी तेव्हा माझ्याकडे तूर निवडत बसली होती. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती ती. मान वर न करता तिनं विचारलं, “काकू, झोपल्या होत्या असं लिहिलंय का त्यात?”

मी पुन्हा वाचलं. तसं कुठेच नव्हतं. झोप माझ्या पदरची होती.

तेव्हापासून हा शब्द मला खुपतो. आपल्या भाषेत दोष देतात, आरोप करतात, आळ घेतात. ठपका मात्र ‘ठेवतात’. आमच्या तेलुगू शेजारणी ‘निंद मोपणं’ म्हणतात. मोपणं म्हणजे भार टाकणं. दोन्हीकडे ओझं एकाच्या डोक्यावर जातं आणि ठेवणारा हात मोकळा होतो. बातमीत तर तो हात दिसतही नाही. ‘ठपका ठेवण्यात आला’, एवढंच. समितीनं ठेवला, की पोलिसांनी, की नुसत्या चर्चेनं? शब्द लहान, मथळ्यात नीट बसतो. न्यायालयात एखाद्याला दोषी म्हणायला साक्षीपुरावे लागतात, वर्षं जातात. ठपक्याला एक सकाळ पुरते. आणि चहा पिता पिता आपण दोन्ही एकच धरून चालतो.

मी त्या परिचारिकांची वकिली करत नाही. चूक झाली असेल तर ती 10 आयांच्या पोटाला पडलेला खड्डा आहे. त्याचा जाब विचारलाच पाहिजे. ठपका वरच्यांवरही आला, जिल्हा शल्यचिकित्सकही निलंबित झाले. पण निलंबित माणूस पुन्हा कामावर येऊ शकतो. कंत्राटी परिचारिकांची नोकरीच गेली. शब्द एकच, पण प्रत्येकीच्या डोक्यावरचं वजन निराळं. आणि आग विझवायची सोय किती होती, हा प्रश्न त्या शब्दामागे झाकून गेला. मुंबईत 29 सप्टेंबर 2017ला एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर चेंगराचेंगरी झाली, 23 माणसं गेली. रेल्वेच्या चौकशीत बोट पावसाकडे गेलं. पाऊस काही कोणाला उत्तर द्यायला येत नाही!

आपल्याला हे कळायला पेपर तरी कशाला हवा? ‘दूध उतू गेलं’ आणि ‘सुनेनं दूध घालवलं’, या दोन वाक्यांतलं अंतर आपण सगळ्यांनी सोसलंय. गॅस कोणी मोठा ठेवला, दारावरची बेल कोणी वाजवली, सुनेला हाक कोणी मारली, हे दुसऱ्या वाक्यात नसतं.

आपल्या अठरा पापस्थानांत अभ्याख्यान तेरावं. दुसऱ्यावर खोटा आळ घेणं. मी आजवर समजत होते, हे पाप बोलणाऱ्याचं, लिहिणाऱ्याचं. त्या दुपारी कळलं, वाचणारीचंही असतं. पेपरनं जागा रिकामी सोडली होती. झोप मी भरली. आणि प्रतिक्रमणात आपण निंदा म्हणतो ती कोणाची? स्वतःच्या दोषांची. तेलुगूतली निंद दुसऱ्यावर टाकायची, आपली निंदा स्वतःची करायची. शब्द एकाच घरातले, पण तोंडं दोन दिशांना.

आता ‘ठपका’ दिसला की मी तीन गोष्टी शोधते. कोणी ठेवला? नेमका कशाबद्दल? आणि ज्याच्यावर ठेवला, त्याचं म्हणणं छापलंय का? बहुतेक वेळा तिसरं सापडत नाही. मग मी बातमी मोठ्यानं वाचत नाही.

त्या वर्षी संवत्सरीला मी त्या मुलीला खमतखामणा केला. तोवर तिची नोकरी लागली होती, रात्रपाळी करून आली होती, डोळे तांबारलेले. हसली आणि म्हणाली, “काकू, मला कुठं बोललात तुम्ही? ज्यांना बोललात, त्या तुम्हाला भेटणार आहेत का?”

त्या भेटणार नाहीत. म्हणून हे लिहून ठेवलं.