साक्षीतली तारीख

केलगेरीहून धारवाडात उपासनेला जाणाऱ्या माणसाला हल्ली एक प्रश्न हमखास विचारला जातो : तुमचं प्रभूशी वैयक्तिक नातं आहे का? नुसतं ‘हो’ म्हणून भागत नाही, तारीख लागते. कोणती रात्र, कोणती सभा, प्रार्थना कोणी केली. ती सांगता आली नाही की माणूस नामधारी ठरतो. सांगता आली की तो मोकळा. मंडळीतलं भांडण, शेजारणीचं थकलेलं भाडं, सगळ्याला एकच उत्तर : ‘माझं आणि प्रभूचं ठीक चाललंय.’ माणसाला बांधून घेणारी कल्पना अंग काढून घ्यायला वापरली जाते, याची मला चीड आहे. मराठीत ती रुजली ती अशी नव्हे.

फादर स्टीफन्सच्या १६१६ च्या ख्रिस्तपुराणात येशू भेटतो तो कथेतून, चारचौघांत. बेळगावात जन्मलेल्या बाबा पदमनजींनी १८५४ मध्ये बाप्तिस्मा घेतला तो वाचून, वाद घालून, पटवून घेऊन. ‘अरुणोदय’ ही त्या पटण्याची हकीकत. आमच्या धारवाडात १८३७ पासून बासेल मिशन होतं. त्या काळात ख्रिस्ती होणं म्हणजे सिद्धांत मान्य करणं आणि जातीतून उठणं, याबद्दल फारसं दुमत नाही. दुमत आहे ते पंडिता रमाबाईंच्या १८९१ बद्दल.

गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा; आणि आठ वर्षांनी आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त नव्हता, ही जाणीव. १९०७ च्या आपल्या साक्षीत त्यांनी स्वतःच हे लिहून ठेवलं. तेव्हापासून दोन पक्ष या सालावर सुरी चालवत आले आहेत. सभांमधले वक्ते सांगतात, आधीची आठ वर्षं कोरडी, खरी रमाबाई नंतरची. सुधारकांचे वारस सांगतात, आधीची रमाबाई तेजस्वी, नंतरची मिशनने गिळली. निष्कर्ष उलटे, पण आयुष्य कापायची जागा एकच.

त्या ‘कोरड्या’ वर्षांत बाई काय करत होत्या? वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन आणि चेल्टनहॅमच्या डोरोथिया बील यांच्याशी पत्रांतून भांडत होत्या. त्रैक्याचा सिद्धांत सांगा, पण तो पवित्र शास्त्रात दाखवा. एका पुरोहितशाहीतून सुटून आलेली बाई दुसरीपुढे मान का तुकवील? हे अविश्वासाचं लक्षण नव्हतं. मधल्या कोणाच्या भरवशावर देव पत्करायचा नाही, हा हट्ट होता, आणि या हट्टावाचून १८९१ घडलंच नसतं. स्वतः विचारण्याचा हक्क ज्याने कधी वापरला नाही, त्याचं नातं स्वतःचं कसं असेल? आज प्रश्न विचारणाऱ्या पोराला ‘तुझा विश्वास कमी पडतो’ म्हणून गप्प बसवणारे रमाबाईंचं नाव घेतात, हा विनोद क्रूर आहे.

आणि नंतर? नातं सापडल्यावर बाई देवघरात जाऊन बसल्या नाहीत. १८९३ मध्ये धर्मांतराच्या आरोपांवरून उठलेल्या गदारोळात रानडे, भांडारकर त्यांच्या विधवांसाठीच्या शारदा सदनापासून दूर झाले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. त्यानंतर १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतातून शेकडो मुली-विधवा घेऊन आल्या. केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं : शेती, विणकाम, तेलघाणा, छापखाना. हिब्रू आणि ग्रीक शिकून, कमी शिकलेल्या बाईलाही वाचता येईल अशा मराठीत त्यांनी बायबल उतरवायला घेतलं. १९२२ मध्ये मृत्यू आला तेव्हा त्या याच कामात होत्या. ज्या नात्याने माथ्यावर इतकी माणसं आणून ठेवली, त्याला खाजगी कसं म्हणायचं?

लक्ष्मीबाई टिळकांची वाट याच्याही उलटी. नवऱ्याने, म्हणजे टिळकांनी, १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्या कोसळल्या. पुढे त्यांच्या मनातला शिवाशिवीचा विचार आधी गळाला, बाप्तिस्मा मागून आला. माणसांशी नातं बदललं, मग प्रभूशी. टिळकांनी तर १९१७ मध्ये अमेरिकन मिशन सोडून असा दरबार मांडला की त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघेही शिष्य म्हणून बसू शकत.

एका रात्रीत आयुष्य उलटंपालटं होतं, हे मी नाकारत नाही. रमाबाईंच्या साक्षीनंतर कोण नाकारील? पण त्या रात्रीला आधीची आठ वर्षं लागतात आणि पुढची तीस. वाढ या दोन्हींत असते. तेव्हा साक्ष द्यायला उभ्या राहिलेल्याला तारीख जरूर विचारा. पण त्याआधी विचारा : कोणता प्रश्न तुला झोपू देत नव्हता? आणि त्यानंतर : कोणाचा भार तू तेव्हापासून उचलतो आहेस? या दोन्हींना उत्तर नसेल, तर मिळालेली तारीख फक्त कॅलेंडरची आहे.