सव्वादोन हेक्टरांची रेघ

सिंधुदुर्ग जिल्ह्यातला सर्वांत मोठा तलाव कोणता? पर्यटनाच्या माहितीपत्रकांत आणि शाळांच्या सामान्यज्ञान स्पर्धांत याचं उत्तर ठरून गेलेलं आहे: धामापूर. पण पिंगुळीहून सावंतवाडीमार्गे दोडामार्गाला जाऊन तिळारीचा जलाशय ज्याने एकदा पाहिला, त्याला हे उत्तर पटायचं नाही. तिळारीपुढे धामापूर म्हणजे परसातली विहीर. मग माहितीपत्रकं खोटं बोलतात का? तसंही नाही. 'तलाव' म्हणताना ती धरणं बाजूला ठेवतात, आणि ठेवली आहेत हे सांगत नाहीत, एवढंच.

गंमत पुढेच आहे. धामापूर तरी काय आहे? दोन डोंगरांच्या मध्ये मातीचा बांध घालून अडवलेलं पाणी. विजयनगरचे मांडलिक नागेश देसाई यांनी १५३० साली तो बांधला, असं मानलं जातं. काठावर भगवतीचं देऊळ आहे, देवळापुढच्या पायऱ्या थेट पाण्यात उतरतात, भोवती गर्द झाडी. तळ्यात फुलांची परडी सोडली की लग्नकार्याला दागिने वर येत, ही कथा जिल्ह्यात कुणाला सांगावी लागत नाही. तिळारीलाही बांधच आहे, फक्त तो सरकारी खात्याने घातला आणि त्याच्या पाण्यात मोठा वाटा गोव्याचा आहे. म्हणजे एकाला तलाव आणि दुसऱ्याला धरण म्हणण्यामागे भूगोल नाही, वय आहे. बांधाला पाचशे वर्षं झाली, त्यावर देऊळ आलं आणि बांधणाऱ्याचा हिशेब विसरला गेला की धरणाचा तलाव होतो. आणखी चारशे वर्षांनी तिळारीच्या काठावर कुणी कसली कथा सांगेल ते आज कसं सांगणार? पण आज तिथली आठवण पाण्याखाली गेलेल्या गावांची आहे, आणि ती ताजी आहे.

युरोपातल्या मोठ्या सरोवरांची यादी करायला बसलेल्या माणसाचीही हीच अडचण होते, फक्त आकडे मोठे असतात. सर्वसाधारण यादीत पहिलं लादोगा, सुमारे १७,७०० चौरस किलोमीटर. दुसरं ओनेगा, दहा हजारांच्या जवळपास. तिसरं स्वीडनचं वेनेर्न, साडेपाच हजारांच्या वर. इथवर सगळं सरळ दिसतं. पण व्होल्गा नदीवरचा कुइबिशेव जलाशय सुमारे ६,४५० चौरस किलोमीटरचा आहे. तो धरला की वेनेर्न चौथ्यावर जातं. त्याच नदीवरच्या रिबिन्स्क जलाशयाने १९४०च्या दशकात मोलोगा नावाचं अख्खं शहर गिळलं. त्याचं क्षेत्रफळ साडेचार हजारांच्या वर. ही दोन्ही नावं बहुतेक याद्यांत नसतात, कारण ती माणसाने केलेली. मग नेदरलँड्सच्या आयसलमेरचं काय करायचं? ती समुद्राची खाडी होती. १९३२ साली बांध घालून तोंड बंद केलं आणि काही वर्षांत खाडीचं पाणी गोडं झालं. तिला मात्र पुष्कळ याद्यांत जागा मिळते. फिनलंडच्या सायमाचा प्रकार आणखी निराळा. अरुंद सामुद्रधुन्यांनी जोडलेले, एकाच पातळीवरचे जलभाग सगळे एक धरले तर ते सुमारे ४,४०० चौरस किलोमीटर होतं आणि चौथ्या क्रमांकाला बसतं. मुख्य भाग तेवढा मोजला तर चौदाशेच्या आत येतं. पाणी तेच, काठ तेच.

आणि कॅस्पियन? तो युरोपात धरायचा की नाही, सरोवर म्हणायचा की समुद्र, यावर सगळी यादी उलटीपालटी होते, कारण पावणेचार लाख चौरस किलोमीटरांच्या आसपासचा कॅस्पियन लादोगाच्या वीसपट आहे. हा भूगोलाच्या मास्तरांचा वाद नव्हे. समुद्र म्हटला की एक कायदा लागतो, सरोवर म्हटलं की दुसरा, आणि तळाशी तेल आहे. काठावरच्या पाच देशांनी २०१८ साली अक्ताऊ इथे करार केला तेव्हा दोन्हींपैकी काहीच न म्हणता पाण्यासाठी वेगळे नियम आणि तळासाठी वेगळे नियम, अशी वाट काढली. मला हा शहाणपणा वाटतो. नाव काय द्यायचं यापेक्षा नाव दिल्यावर कुणाच्या पदरात काय पडतं, हे त्यांनी आधी पाहिलं.

हे सगळं इथे सांगण्याचं कारण म्हणजे 'नैसर्गिक तेच खरं सरोवर' हा निकष आपण युरोपाकडून उचलला आणि आपल्याला तो मुळीच लागू पडत नाही. फिनलंड-स्वीडनवर हजारो वर्षं बर्फाचं आवरण होतं. ते सरकताना खडक खरवडून गेलं आणि वितळल्यावर मागे खळगे राहिले. त्यांत पाणी साचून सरोवरं झाली. सह्याद्रीवर असलं बर्फ कधी नव्हतं. घाटावरून कोसळणाऱ्या पावसाला कोकणात थांबायला जागाच नाही. पन्नास-साठ किलोमीटरांत नदी समुद्राला मिळते. महाराष्ट्रात निसर्गाने केलेलं ठळक सरोवर म्हटलं की नाव निघतं लोणारचं, आणि तेही बेसाल्टात आदळलेल्या अशनीने केलेलं. बाकी जे पाणी आपण तलाव, तळं, सागर म्हणून ओळखतो, त्यातलं बहुतेक कुणीतरी अडवलेलं आहे. माणसाने केलेली सगळी वगळून महाराष्ट्राची यादी करायची तर कागदाची एक बाजूही भरायची नाही.

बरं, धरायची म्हटली तर कोणत्या महिन्यात मोजायची? पैठणचा नाथसागर पूर्ण भरला की सुमारे साडेतीनशे चौरस किलोमीटर पसरतो, म्हणजे इटलीतल्या सर्वांत मोठ्या गार्दा सरोवराच्या जवळपास. पण उन्हाळ्यात पाणी मागे हटतं आणि उघड्या पडलेल्या जमिनीत शेतकरी गाळपेर करतात. जिथे नोव्हेंबरात नाव चालते तिथे एप्रिलात पीक उभं असतं. ओडिशाचं चिलिका उन्हाळ्यात नऊशे आणि पावसाळ्यात साडेअकराशे चौरस किलोमीटरांच्या घरात जातं. अशा पाण्याला एकच आकडा देणं हा थंड देशातला हिशेब झाला. आमच्याकडच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने ही अडचण एका वाक्यात निकालात काढली होती: "मोठा म्हणजे केवढा ता नको सांगा, मे म्हयन्यात पाणी रवता काय ता सांगा." वायंगणी, म्हणजे उन्हाळी, भाताचा विचार करणाऱ्याला याहून चांगला निकष सुचणार नाही. त्या निकषाने धामापूर जिल्ह्यातल्या कितीतरी मोठ्या दिसणाऱ्या पाण्यांच्या पुढे जातं.

कुणी म्हणेल, असू देत की याद्या चुकीच्या. सामान्यज्ञानाच्या एका गुणाने कुणाचं काय बिघडतं? बिघडतं, कारण यादी शाळेतून निघून कचेरीत जाते. इस्रोच्या अहमदाबाद केंद्राने देशातल्या पाणथळ जागांचा नकाशासंग्रह केला तेव्हा सव्वादोन हेक्टर ही खालची मर्यादा धरली. ही संख्या येते कुठून? एकास पन्नास हजार प्रमाणाच्या नकाशावर तीन मिलिमीटर बाजूचा चौकोन काढा. जमिनीवर तो दीडशे मीटर बाजूचा होतो, म्हणजे बरोबर सव्वादोन हेक्टर. नकाशावर डोळ्याला दिसेल आणि आखता येईल एवढी ती जागा. पाण्याच्या गुणाशी तिचा संबंध नाही. पण २०१७च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने संरक्षण द्यायला सांगितलं ते याच रेघेच्या वरच्या २,०१,५०३ पाणथळ जागांना. नकाशा काढणाऱ्याच्या पेन्सिलीची जाडी अशी कायद्याची हद्द झाली. साडेपाच एकरांहून लहान असलेलं देवळापुढचं तळं, ज्यावर गावाच्या विहिरी जगतात, ते रेघेखाली राहिलं. फिनलंडची प्रसिद्ध मोजणी १,८७,८८८ तळी-सरोवरं सांगते, कारण त्यांनी पाचशे चौरस मीटरपासून पुढचं सगळं मोजलं. पाचशे चौरस मीटर म्हणजे आपले पाच गुंठे. हे माप लावलं तर आमच्या भागातल्या कोणत्याही वाडीला स्वतःचं सरोवर निघेल.

त्याच वर्षीच्या सप्टेंबरात पाणथळ जागांचे नवे नियम आले. त्यांतून पिण्याच्या पाण्यासाठी आणि सिंचनासाठी मुद्दाम बांधलेले जलाशय वगळले, भातशेतीही वगळली. आता धामापूरकडे पाहा. २०२० साली आंतरराष्ट्रीय सिंचन व निस्सारण आयोगाने त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळांच्या यादीत घेतलं. त्याच वर्षी आंध्रातली कंबम आणि पोरुमामिल्ला ही तळीही त्या यादीत आली. धामापूरचा सन्मान झाला तो ते माणसाने सिंचनासाठी बांधलं आणि ते शतकांनंतरही चालू आहे म्हणून. आणि नियमांचं वाक्य अक्षरशः वाचलं तर नेमक्या त्याच कारणाने ते संरक्षणाच्या व्याख्येबाहेर पडू शकतं. एका यादीत जी पात्रता, तीच दुसऱ्या यादीत अपात्रता. काठाच्या झाडीत राहणाऱ्या पाखरांना बांध कुणी आणि कशासाठी घातला याची चौकशी करायची नसते.

यादीबाहेर राहण्याचा हा प्रकार पाण्यापुरताच नाही. पिंगुळी चित्रकथीचं आणि कळसूत्री बाहुल्यांचं गाव म्हणून ओळखलं जातं. तो वारसा सांभाळणाऱ्या ठाकर समाजाला यादीबाहेर असणं म्हणजे काय, हे वेगळं सांगावं लागत नाही. १९७६च्या दुरुस्तीआधी ठाकरांना अनुसूचित जमात मानलं जाई ते अहमदनगर, कुलाबा, नाशिक, पुणे आणि ठाणे जिल्ह्यांतल्या ठरावीक तालुक्यांत. तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यातला ठाकर त्या रेघेबाहेर होता. पुढे क्षेत्रबंधन उठलं, तरी जातपडताळणीच्या फेऱ्यांत अनेकांची उमेदीची वर्षं गेली. माणसाची गोष्ट आणि पाण्याची गोष्ट एकच आहे असं मला म्हणायचं नाही. माणसाला निदान दाद मागता येते. पण दोन्हीकडे रेघ ओढणाऱ्याने ती कशासाठी ओढली हे विसरलं गेलं, आणि रेघ तेवढी उरली.

म्हणून व्याख्या नकोतच, असं मी म्हणणार नाही. सगळंच सापेक्ष म्हणून हात झटकणं हा आळस आहे. केंद्राच्या जलशक्ती मंत्रालयाने २०२३ साली पहिली जलसाठा गणना प्रसिद्ध केली. तिच्यात नैसर्गिक आणि मानवनिर्मित दोन्ही मोजले आणि संख्या २४,२४,५४० आली. त्यांत जवळजवळ साठ टक्के लहान तळी, तर सरोवरं एक टक्काही नाहीत. बंगाल पुढे आहे तो तिथल्या पुकुरांमुळे, म्हणजे तळ्यांमुळे, आणि महाराष्ट्राचं नाव पुढे येतं ते पाझर तलाव आणि बंधाऱ्यांसारख्या जलसंधारणाच्या कामांत. ही यादी मला लादोगा-ओनेगाच्या यादीपेक्षा प्रामाणिक वाटते. ती कुणाला पहिला क्रमांक द्यायला निघालेली नाही. काय मोजलं हे आधी सांगून मग मोजते.

सिंचनाची तळी नियमांतून वगळण्यामागे एक खरी भीती आहे, ती टाळून पुढे जाता येणार नाही. तळं 'पाणथळ' ठरलं की गाळ काढायला परवानगी, पाट दुरुस्त करायला परवानगी, आणि उद्या भाताला पाणी सोडायचं तरी कुणाला विचारायचं? शेतकऱ्याच्या हातचं तळं काढून घेऊन ते पक्षीनिरीक्षकांच्या हवाली करायचं असेल तर त्याने विरोध करायलाच हवा. पण संरक्षण म्हणजे वापरबंदी, हे समीकरण मुळात चुकीचं आहे. १९७१च्या रामसर करारातच पाणथळ जागेचा सुज्ञ वापर मान्य आहे, आणि त्या कराराची व्याख्या माणसाने केलेलं पाणीही धरते. महाराष्ट्राची पहिली रामसर जागा २०२० साली जाहीर झाली ती लोणार नव्हे. लोणार त्याच वर्षी नंतर आलं. पहिली आली नांदूर मध्यमेश्वर, गोदावरी आणि कादवेच्या संगमापाशी इंग्रजी अमदानीत घातलेल्या बंधाऱ्यामागचा गाळाचा आणि गवताचा पसारा. तिथून निघणारे गोदावरीचे डावा आणि उजवा कालवे रामसरचा फलक लागला म्हणून बंद झाले नाहीत. हिवाळ्यात तिथे फ्लेमिंगो उतरतात, आणि खाली कोपरगावकडच्या उसाला आवर्तनं सुटतच राहतात.